भिंतीकडे तोंड करून

शमशादला सातवा महिना सरला होता आणि येत्या जुम्म्याला ती बाळंतपणासाठी माहेरी, भोरला निघणार होती. पौडहून एस.टी.नं पिरंगुटच्या माळावरच्या कॉम्प्युटरच्या संस्थेत येणं आता झेपत नव्हतं. पण जिवाला घोर होता तो तिच्या स्क्रिप्टचा.

साल अठ्ठ्याऐंशी. प्रिंटरवर मराठी अक्षरं उमटवणारा एक प्रोग्रॅम संस्थेनं बनवला होता. मागेल त्याला तो टेपवर फुकट मिळायचा, तो ज्या ओळींनी बनला त्या सगळ्या ओळींसकट. ज्याला जमेल त्यानं सुधारावा आणि परत धाडावा. प्रोग्रॅमचे तुकडे पुष्कळ. ते क्रमानं जोडायचे, तपासायचे, टेपवर चढवायचे, हे सगळं शमशादच्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीनं दिलेल्या हुकमांच्या याद्या, करायच्या. प्रोग्रॅम नवरदेव, तर स्क्रिप्ट म्हणजे मागल्या दारी पाणी भरणाऱ्या बाया. नाव कुणी घेत नाही, पण त्या नसल्या तर पंगत बसत नाही. साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, तुझ्यामागं वाल्मीककडून टेप निघाली तर काम चालू राहील आणि तुझी जागाही. नाहीतर दोन्ही गेलं.

वाल्मीक लवळ्याचा, वयानं तिच्याहून बराच मोठा. आजवर त्यानं कपाटातल्या टेपा तेवढ्या सांभाळल्या होत्या.

त्याला शिकवायची तऱ्हा शमशादनं सासूकडून उचलली. जोहराबी डोळ्याच्या ऑपरेशनला निघाली, तेव्हा आदला दिवसभर ओट्यावर मुकी बसून राहिली आणि घर सुनेवर सोडलं. सगळं जमलं, पण मागलं दार काही उघडेना. जोहराबी ते वर्षानुवर्षं खांद्यानं उचलून उघडायची आणि आपण उचलतो हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी म्हणाली, "घर आपल्यावाचून चाललं पायजे गं. मगच ते आपली वाट बघतंय."

तशीच शमशाद आता वाल्मीकशेजारी मुकी बसली. तो मशीनवरच्या स्वतःच्या खात्यात शिरून एकेक स्क्रिप्ट चालवायला लागला. थोड्या वेळानं थांबला.

"ताई, तुमी भिंतीकडं तोंड करून बसा. तुमच्या भुवया बोलत्यात."

ती वळून बसली. पाठीमागं बटणं वाजत राहिली आणि मग गप्प झाली. तुकडं ठेवायला कप्पाच न्हाई म्हणतंय, असं वाल्मीक पुटपुटला. मशीनमधला तो कप्पा शमशादनं पहिल्याच दिवशी आपल्या खात्यात हातानं केला होता आणि विसरून गेली होती. स्क्रिप्ट इतके दिवस त्याच्याच जिवावर चालत होत्या. मागलं दारच ते. शब्द ओठांवर आला, पण आज आपण बोललो तर पुढच्या महिन्यात कोण बोलणार? बाळानं लाथ मारली. तिनं पोटावर हात ठेवला आणि ओठ मिटून घेतले.

वाल्मीकनं आधी स्वतःला बोल लावला, मग मशीनला. बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. मग स्क्रिप्ट उघडून वरपासून एकेक ओळ मोठ्यानं, अडखळत वाचायला लागला. वाचता वाचता खुर्ची करकरली.

"ताई, ह्यो कप्पा तुमच्या घरात हाय. माझ्या घरात न्हाई. दुसऱ्या कुणाच्याच न्हाई."

तिनं भिंतीवरची नजर काढली नाही.

"मंग आधी बघावं, आन् नसंल तर करावा. लिवू का तसं?"

तिची मान हलली असावी, कारण बटणं पुन्हा वाजू लागली.

तुकडे जोडले जायला बराच वेळ लागला. मग पाठीमागं घरघर सुरू झाली. टेप फिरत होती.

"वळा आता," वाल्मीक म्हणाला.

शमशादनं आधी पदरानं डोळे पुसले. पडद्यावर तिची स्क्रिप्ट तशीच उघडी होती. नव्या ओळींच्या वर, तिच्याच रीतीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती: ताई परत आल्यावर बघतील.

तिनं ओळी दोनदा वाचल्या. "बरोबर हाय की सगळं. मग बघायचं काय राहिलं?"

"काहीतरी राहिलंच असंल," वाल्मीक म्हणाला. "तुमी या तर."