उपकाराविना घास

वैशाखाची दुपार. पांढरी, निर्दय, निःशब्द. उन्हात भाजलेला माळ, उन्हात भाजलेली कौलं, आणि कुलूपबंद चर्चच्या शिखरावरचा क्रूस. त्याची सावलीसुद्धा आखडून भिंतीच्या पायाशी येऊन बसलेली.

गावावर महामारी उतरली होती. उजागऱ्यांच्या दाराला आडवा बांबू बांधलेला होता. बांबूच्या आत दोघीच उरल्या होत्या: लेआ आणि तिची लेक रिबका.

लेआचे पती शमुवेल उजागरे परवा गेले. तालुक्याच्या दवाखान्यात, काचेपलीकडे, अनोळखी हातांत. ताप उतरल्याचा फोन आला त्या सकाळी लेआने अंगणात गुडघे टेकून उपकारस्तुती केली होती. ओठांवरची स्तुती वाळायच्या आत दुसरा फोन आला.

तेव्हापासून ती जेवली नव्हती. ती जेवत नाही म्हणून रिबकाही नाही.

या घरात देवाचे उपकार मानल्यावाचून घास तुटत नसे. उपकार मानायचे शमुवेलांनी. सणाच्या ताटावर, शिळ्या तुकड्यावर, दुष्काळात वाटलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवरसुद्धा. आता ताट होतं, भाकरी होती. उपकार मानणारा आवाज तेवढा मातीखाली होता. आणि लेआच्या कोरड्या, करपलेल्या, कृतज्ञतेने एकदा फसलेल्या ओठांवर तो शब्द पुन्हा येत नव्हता.

बांबूपाशी शेजारची सगुणा उभी राहिली. तोंडाला पदर, हातात झाकलेलं पातेलं.

"लेआबाई, पिठलं ठेवलंय बघ. मीठ जादा झालं असंल तर शिव्या घाल मला. पण खा गं माय! शिव्या द्यायला तरी अंगात जीव पायजे का नको?"

सगुणा ऊन झेलत थोडा वेळ थांबली, मग गेली.

रिबकाने पातेलं आत आणून दोन ताटं वाढली. शहरातल्या वर्षांत तिची प्रार्थना सुटली होती. पण समोर आई होती, विझत चाललेली, राखेखाली राख झालेली. तिने डोळे मिटले. हात जोडले.

"हे प्रभू, या अन्नासाठी आम्ही तुझे उप..."

"नको," लेआ म्हणाली. "त्याच्याशी खोटं नको बोलूस."

मग लेआनेच मान खाली घातली.

"प्रभू, आज उपकार नाहीत. होते नव्हते ते मी त्या सकाळी देऊन टाकले. सगुणाने पिठलं आणून दिलं आहे, तिचं भलं कर. माझी लेक उपाशी आहे. आमेन."

"आमेन," रिबका म्हणाली. ओठ तेवढे हलले.

लेआने भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. पहिला घास तोंडात घातला. मग रिबकानेही.

तेवढ्यात माळापलीकडच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेचा आवाज उठला. लांबून आला, जवळ आला, कुणाच्या तरी दाराकडे वळला. घास न चावता, न गिळता, दोघी तशाच बसून राहिल्या; तो आवाज विरेपर्यंत, आणि विरल्यानंतरही.