कॅप्टन मबरूकला सलाम

ततावीन गावाच्या पुढच्या वाळवंटातल्या आमच्या चौकीवर मबरूक नावाचा एक म्हातारा उंट होता. येमना आणि मी, खांद्यावर कोरे तारे घेऊन, एकाच जीपमधून तिथे उतरलो. दुसऱ्याच सकाळी कॅप्टन शाडलींनी आम्हाला उंटासमोर उभं केलं.

"हे कॅप्टन मबरूक. अकरा वर्षं नोकरी. नवे लेफ्टनंट यांना महिनाभर सलाम ठोकतात. प्रथाच आहे."

जवान गालातल्या गालात हसत होते. मी मुकाट्याने सलाम ठोकला. येमना हलली नाही.

"काय गं, हात दुखतोय का?"

"हात ठीक आहे, साहेब. पण हे कॅप्टन असतील तर मेसमध्ये जेवायला का येत नाहीत?"

"त्यांना गर्दी आवडत नाही," शाडली म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

चार दिवस ती त्या उंटासमोरून ताठ मानेने गेली आणि चारही दिवस शिक्षा म्हणून भर उन्हात मैदानाला दहा फेऱ्या मारून आली. "अगं, एक सलाम ठोकून मोकळी हो ना!" मी म्हणालो. "तू ठोकलास ना? पुरे झाला," ती म्हणाली. मला ते झोंबलं.

शुक्रवारी दुपारी कमांडर साहेब मेसमध्ये जेवायला होते. वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसचं परातीएवढं ताट नुकतंच आलं होतं. तेवढ्यात येमना मबरूकला दोरीने ओढत आत आली. कोणी काही बोलायच्या आत मबरूकने मान लांबवली आणि शाडलींच्या पुढ्यातला भोपळा, गाजरं, सगळं फस्त केलं.

"हा काय प्रकार आहे?" कमांडर गरजले.

"कॅप्टन मबरूक जेवायला आलेत, साहेब. अधिकारी असतील तर त्यांना खुर्ची द्या. उंट असतील तर मी सलाम करणार नाही."

कमांडरांनी शाडलींकडे पाहिलं. शाडलींच्या मिशीला कुसकुस चिकटलं होतं. कमांडरांनी हसू कसंबसं दाबलं.

"उंटाला सलाम आजपासून बंद. आणि लेफ्टनंट, तू शाडलींची माफी माग. नाहीतर दहा दिवस तबेला साफ कर."

"तबेला, साहेब," ती लगेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तबेल्यात लीद भरत होती, बाह्या कोपरापर्यंत वर. मी तिच्याकडे एकदा पाहिलं, अंगातला कोट खुंटीला टांगला आणि दुसरं फावडं उचललं.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.