विमलाबाईंच्या दारातली दवंडी

मी आसनपाडा नगरपालिकेचा ढोल बोलतोय. दचकू नका. तुमच्या दारात आलेलो नाही. आता मी कोणाच्याच दारात जात नाही, आणि हे सांगताना मला जेवढं हलकं वाटतं तेवढं वाजताना कधी वाटलं नाही.

माझं खोड फणसाचं. ठाण्याच्या एका कारागिराने ते आतून पोखरलं, दोन्ही तोंडांना कातडं चढवलं आणि उन्हात ठेवून मला ताणलं. मला वाटलं होतं, एखाद्या देवळात जाईन. पण भांडुपच्या पुढच्या एका लहानशा गावच्या नगरपालिकेने मला विकत घेतलं आणि सभागृहातल्या कपाटावर ठेवून दिलं.

तिथे मला धाकू भेटला. धाकू नगरपालिकेचा शिपाई. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता. पहिल्यांदा गळ्यात अडकवताना त्याने मला नमस्कार केला. मला आवडलं ते. त्याचा हात जड होता, पण बेताल नव्हता.

सुरुवातीची कामं चांगली होती. उद्या देवी टोचणारे येणार, विहिरीत औषध टाकलंय, पाणी उकळून प्या. मी वाजायचो, धाकू ओरडायचा, आणि पोरं मागे यायची.

दुसरं काम वाईट होतं. ज्याने घरपट्टी भरली नाही त्याच्या दारात मला वाजवायचे. घर जप्त झालं आहे, कोणी विकत घेऊ नये, पट्टी न भरल्यास लिलाव होईल, असं धाकू ओरडून सांगायचा. वर गंमत अशी की मला वाजवण्याचा खर्चही त्याच घराच्या बिलात चढायचा. माणसाची अब्रू घ्यायची आणि त्याची मजुरीही त्याच्याकडूनच घ्यायची. मी लाकूड असून मला ते कळत होतं.

घरपट्टी कशी ठरायची तेही सांगतो. मोजमाप असं काही नव्हतं. दर चार वर्षांनी सभासदांची एक समिती गावातून फिरायची. ओटीवरून नजर टाकायची, चहा घ्यायचा, आणि हे घर भाड्याने दिलं तर इतकं येईल असं अंदाजाने लिहायचं. भाडेकरू किती दिसतात त्यावर आकडा चढायचा. भर पावसात चिखल तुडवायचा कंटाळा, म्हणून ही फेरी गणपतीतच निघायची. सगळी माणसं घरी सापडतात, असं त्यांचं म्हणणं.

आता गावातल्या आमच्या वाडीतली निम्मी घरं कोकणातून आलेल्यांची. तिथला माणूस वर्षभर अर्धपोटी राहील, पण गणपतीला भिंतीला चुना लावणारच. उधार आणील, पण लावील. सगळे भाऊबंद, मेव्हणे, आते-मामेभाऊ मुंबईभरातून त्याच्याकडे जमणार, ओटीवर ओळीने झोपणार. समितीला दिसायचं काय? पांढरंशुभ्र घर आणि आत दहा माणसं. लिहून टाकायचे, सुस्थिती, भाडेकरू चार. आणि बंगलेवाल्यांना समितीचं साल पक्कं ठाऊक. त्या वर्षी त्यांच्या भिंतींचे पोपडे कोणी खरवडायचं नाही.

लबाडी कोणी मुद्दाम मांडून केली असं मी म्हणणार नाही. पाहुण्याला भाडेकरू समजणारी माणसं स्वतः गणपतीत पाहुण्यांसारखी हिंडत होती, एवढंच.

विमलाबाईंचं घर त्यातलंच. दोन खोल्यांचं. नवरा गिरणीत होता, त्याने बांधलं आणि तो गेला. विमलाबाई भांडुपच्या एका कारखान्यात पाकिटं भरायच्या. मुलगी शुभा लग्नाची होती आणि कांजूरच्या एका स्थळाशी बोलणं चाललेलं. समितीने त्यांच्या नावावर चार भाडेकरू लावले. पट्टी दुपटीच्या वर गेली. त्यांनी हरकतीचा अर्ज दिला, तर उत्तर आलं की आधी सगळी पट्टी भरा, मग ऐकू. ती भरता येत नव्हती म्हणून तर अर्ज होता.

माघ महिन्यात एका सकाळी आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो. मी, धाकू, आणि वसुली कारकून अनंत. अनंत शांत, नेटका माणूस, जप्तीचा पंचनामा लिहायला आलेला. धाकूने मला गळ्यात अडकवलं, टिपरू उचललं, आणि तो थांबला. विमलाबाई त्याच्या शेजारच्या गावच्या. तो त्यांना वयनी म्हणायचा.

विमलाबाई दारात आल्या. कामाला निघालेल्या होत्या, हातात डबा होता.

"वाजव, भावजी," त्या म्हणाल्या. "थांबलंस कित्याक? तुझी चाकरी आसा ती."

धाकूने वाजवलं. इतका वाईट मी कधी वाजलो नाही. त्याचा ताल दोनदा चुकला. आजूबाजूची माणसं बाहेर आली आणि खाली बघत उभी राहिली.

अनंत पंचनामा लिहायला बसला तेव्हा विमलाबाईंनी डबा खाली ठेवला. "साहेब, सामान लिहिताय ना? मग माणसंपण लिहा. चार भाडेकरू आहेत म्हणे माझ्याकडे. आत या आणि ते कुठे झोपतात ते दाखवा मला. मीपण बघेन. आजपर्यंत एकाने भाडं दिलेलं नाही."

बाहेर कोणीतरी हसलं. अनंत हसला नाही. तो चपला काढून आत गेला. दोन्ही खोल्या बघितल्या. बाहेर येऊन पंचनाम्यात लिहिलं की घरात मालकीण आणि तिची मुलगी राहतात, भाडेकरू नाही. पंच म्हणून आलेल्या शेजाऱ्यांनी सह्या केल्या, आणि सह्या करता करता आपापल्या घरचे भाडेकरूही सांगितले. कोणाचा मेव्हणा, कोणाचा भाचा. त्याच दिवशी अनंत वाडीच्या सभासद वसुधाताईंकडे गेला.

पुढचं मी कपाटावरून ऐकलं. सभा भरली. अध्यक्ष मार्तंडराव. उमदा माणूस, पण गावाचा थाट म्हणजे आपला थाट असं समजणारा. वसुधाताईंनी ठराव मांडला. समितीची फेरी रद्द करावी, प्रत्येक घर साध्या दिवशी फितीने मोजावं आणि खरं भाडं विचारून पट्टी लावावी. तोवर सगळे लिलाव थांबवावेत.

मार्तंडराव म्हणाले, "ताई, पट्टी कमी करा म्हणायला सोपं आहे. दिवाबत्तीचं तेल काय मी घरून आणू?"

वसुधाताईंनी गेल्या वर्षीचा खर्च वाचायला घेतला. पाहुण्यांच्या स्वागताच्या कमानी. हार. उपाहार. पुन्हा कमानी. सभागृहाला नवे पडदे. त्या आवाज न चढवता वाचत गेल्या. कमानीपाशी दुसऱ्यांदा आल्या तेव्हा एक सभासद खोकला.

"एवढं सोडलं तर तेलाला पुरून उरतं," त्या म्हणाल्या. "शिवाय जे आज कमी भरतात ते नीट भरतील."

"म्हणजे माझाही बंगला मोजणार?"

"पहिला तुमचाच. मग मागून कोणी कुरकुर करणार नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मार्तंडराव, मोजणाऱ्यांच्या चहाला दूध जास्त सांगा."

सभा हसली. मार्तंडराव लाल झाले. "मोजा," ते म्हणाले. "माझं काय लपलंय?"

ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला की बंगल्याला रंग काढतोय, मोजणी पुढे ढकला. पण शब्द सभेत गेला होता.

मोजणीला फितीचं दुसरं टोक धाकूने धरलं होतं. त्यानेच येऊन सांगितलं की बंगल्याच्या मागे ओळीने खोल्या आहेत आणि प्रत्येकीत बिऱ्हाड आहे. मार्तंडराव स्वतःच म्हणाले म्हणे, अरे, या राहिल्याच. त्यांची पट्टी वाढली. त्यांनी ती मुदतीत भरलीही. विमलाबाईंचं घर मोजलं तेव्हा त्यांची पट्टी निम्म्याहून खाली आली. तेवढी त्यांनी त्याच आठवड्यात भरली आणि जप्ती उठली.

माझ्या बाबतीतही एक ठराव झाला. खर्च कमी करताना वसुधाताईंनी दारातली दवंडी आणि ती वाजवण्याबद्दल धाकूला मिळणारा ढोलभत्ता, दोन्ही बंद केले. ते ऐकून मी कपाटावर निवांत झालो.

पण गोष्ट संपली नव्हती. अनंत जप्ती उठल्याचा कागद घेऊन गेला तर विमलाबाईंनी तो घेतलाच नाही. सभागृहात आल्या आणि मार्तंडरावांसमोर उभ्या राहिल्या.

"कागद मी एकटी वाचणार. ढोल सगळ्या वाडीने ऐकला. कांजूरच्या माणसांनीपण ऐकला, तेव्हापासून त्यांचं तोंड बंद आहे. जप्ती वाजवून आणलीत ना? मग वाजवूनच न्या."

मार्तंडराव म्हणाले की असं कधी झालेलं नाही. आणि शेजारी बसलेल्या वसुधाताईंकडे बघून म्हणाले, भत्ता तर तुम्हीच बंद केलाय, आता कोणत्या खात्यातून द्यायचा? वसुधाताई ठरावाचा कागद उलटून बघू लागल्या. मला भीती वाटली की काटकसर एवढ्यावरच अडणार.

दारातून धाकू म्हणाला, "माका भत्तो नको, सायेब."

मार्तंडरावांनी त्याच्याकडे बघितलं, मग विमलाबाईंकडे. "जा रे," ते म्हणाले. "नीट वाजव. नगरपालिकेचं नाव घेऊन सांग."

रविवारी आम्ही गेलो. धाकूने मला उन्हात ठेवून ताणलं होतं, मी नवा असताना ताणलं होतं तसं. विमलाबाई आणि शुभा ओटीवर उभ्या होत्या. धाकू ओरडला, "विमलाबाईंच्या घरावरची जप्ती उठली. पट्टी चुकीची लागली होती. चूक नगरपालिकेची." शेवटचं वाक्य त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. अनंत शेजारी होता. त्याने ऐकलं आणि मान डोलावली.

मी मनापासून वाजलो. धाकूने टिपरू खाली केलं तेव्हा विमलाबाई म्हणाल्या, "भावजी, थयसर स्टेशनाच्या बाजूक आयकाक गेला नसतला. तकडे तोंड करून परत एकदा."

धाकू कांजूरच्या दिशेला वळला आणि आम्ही परत एकदा वाजवलं. पंधरवड्याने कांजूरची माणसं बोलणी पुढे न्यायला आली.

आता आमचं गाव मुंबईत गेलं. नगरपालिका राहिली नाही. धाकू वॉर्डाच्या कार्यालयात आहे, आणि मी सामानाच्या खोलीत तुटक्या खुर्च्यांवर पडून आहे. कातडं सैल झालंय, एका बाजूला उंदराने कुरतडलंय. माझी तक्रार नाही. मला वाजवावं असंही वाटत नाही.

फक्त एक मागणं आहे. उद्या कोणा साहेबाला पट्टीसाठी पुन्हा ढोल दारात न्यावासा वाटला आणि मला ताणायला कोणी उन्हात ठेवलं, तर तुम्ही त्याला आधी एवढं सांगा, चपला काढून आत जा आणि बघून ये.