नवव्या भागाचा पंचनामा

सकाळचे ऊन नरेंद्रच्या खोलीत एकदम शिरत नसे. आधी ते समोरच्या कृषी केंद्राच्या पत्र्यावर येई आणि तिथे बराच वेळ काहीही न करता पडून राही. मग पत्र्याची एक पन्हळ उजळे, मग तिच्या शेजारची. असे एकेक पन्हळ ओलांडत ते कडेला पोचे आणि तिथून खाली उतरे. रस्त्यावर धूळ त्याची वाट पाहत असे. पहिली एसटी मंगरूळपीरच्या स्थानकाकडे वळली की ती धूळ उठे आणि काही क्षण ऊन नेमके कशावर पडले आहे हेच कळेनासे होई. मग गजांतून ते आत येई, पाणी घातलेल्या दुधासारखे फिकट. फरशीवर चार पट्टे आखी, खुर्चीच्या पायाला वळसा घाली आणि शेवटी लोखंडी पलंगावर चढे. त्या पलंगावर दोन वर्षांपासून कोणी झोपत नव्हते. थोरली बहीण सपनाताई तापाने गेल्यावर गादी गुंडाळून ठेवली होती, आणि ऊन त्या उघड्या फळ्यांवर पाहुण्यासारखे अवघडून बसे, कोणी पाणी विचारील म्हणून.

नरेंद्र हे सारे रोज पाहत असे. या उन्हाचे त्याने चौदा पाने वर्णन केले होते आणि ती चौदा पाने छापूनही आली होती. तेच त्याच्या अंगाशी आले.

‘शीतगृह’ ही गुन्हेकथांची मालिका वाशीम जिल्ह्यात घरोघरी वाचली जाई. तिची नायिका डॉ. धम्मदीपा शवविच्छेदन करणारी सरकारी डॉक्टर. मृतदेह तिला खोटे सांगत नाहीत आणि जिवंत माणसे खरे सांगत नाहीत, एवढ्यावर आठ भाग उभे होते. लेखकाचे नाव शीतल जऊळकर. हा पुरुष की बाई, यावर लोक पानटपरीवर वाद घालत. तहसील कार्यालयाच्या भिंतीला टेबल लावून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारा हा अबोल तरुण शीतल जऊळकर असेल, अशी शंका कोणाला आली नव्हती. आणि शीतल जऊळकर आपणच आहोत, ही एक गोष्ट सोडली तर नरेंद्रजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते.

सपनाताई एका रुग्णालयाच्या शवागारात नोंदी ठेवण्याच्या कामावर होती. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती सांगे आणि नरेंद्र टाइप करी. आपले नाव कुठे येऊ द्यायचे नाही, नोकरीवर गदा येईल, असे तिने बजावले होते. म्हणून टोपणनाव त्याने शोधले आणि प्रकाशकाशी पत्रव्यवहारही त्यानेच केला. ताई सांगायची, मी लिहायचो, असे त्याने मनाशी पक्के केले होते. सांगणे म्हणजे कापूस आणि लिहिणे म्हणजे कापड, अशी एक उपमाही त्याला सुचली होती आणि ती त्याला फार आवडत असे. नववा भाग त्याने एकट्याने लिहिला. तो गावात कसा वाचला जातो, यावर दहाव्याचे ठरवू, असे प्रकाशकाने कळवले होते.

गावच्या प्रज्ञादीप वाचनालयात ग्रंथपाल निताताईंचा एक नियम होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी रेघांचा कागद चिकटवलेला असे आणि त्यावर एक ओळ तरी अभिप्राय लिहिल्याशिवाय त्या पुस्तक परत घेत नसत. नवव्या भागाचा कागद पंधरवड्यात भरला. एका गुरुजींनी लिहिले होते : पृष्ठ एक ते चौदा ऊन, पृष्ठ पंधरा ढग, पुढे वाचले नाही, अभिप्राय सक्तीचा असल्याने लिहीत आहे. वीज मंडळातल्या दौलतसिंगांची तक्रार अशी की पहिला मुडदा सत्तेचाळिसाव्या पानावर येतो आणि तोवर वाचणाराच अर्धा होतो. अंजू नावाच्या परिचारिकेने नोंदवले होते की डॉक्टरबाई आठ भागांत एकदाही रडल्या नाहीत आणि या भागात तीनदा रडतात, तरी त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. दर्ग्याजवळ बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या सुलतानबीने सर्वांत थोडक्यात लिहिले होते : मुडदा चिरून हात न धुता भजे खाल्ले, हे कोणत्या बाईने लिहिले?

नरेंद्रने एका दुपारी, कोणी पाहत नाही असे पाहून, खोट्या नावाने लिहिले, ‘अत्यंत तरल लेखन.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी विचारले होते, ‘हा कोण?’

हा कागद भिवाजीकाकांच्या हाती पडला आणि प्रकरण अभिप्रायाच्या पलीकडे गेले. भिवाजीकाका निवृत्त हवालदार. तीस वर्षे त्यांनी पंचनामे लिहिले होते आणि निवृत्तीनंतर लिहिण्याजोगे काही घडत नाही याचे त्यांना दुःख होते. त्यांनी ठरवले की या पुस्तकात काहीतरी घडले आहे, पण ते कथेत घडलेले नाही. तपास सुरू झाला, तोही डॉ. धम्मदीपाच्याच पद्धतीने, कारण दुसरी पद्धत गावाला ठाऊक नव्हती. वाक्ये मोजली गेली : आठ भागांत सरासरी नऊ शब्दांचे वाक्य, नवव्यात एकतीस. शब्दांचे नमुने वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्यांवर तारखा टाकल्या गेल्या. सुलतानबीने दाखवून दिले की आठही भागांत डॉक्टरबाई मयताच्या घरी गेल्या की आधी चूल पाहतात. नवव्यात त्या खिडकी पाहतात. वाचनालयाच्या लांब टेबलावर नऊ पुस्तके पांढऱ्या चादरीवर उताणी ठेवून लोक त्यांच्याभोवती तोंडाला रुमाल बांधून उभे राहत. नरेंद्र कपाटाआड उभा राहून ऐके. हे हास्यास्पद आहे, असे तो रोज स्वतःला सांगे आणि रोज पुन्हा येई.

शनिवारी सकाळी भिवाजीकाका त्याच्या टेबलाशी आले, जयभीम झाला, आणि स्टूल ओढून ते पंचनाम्याचा मजकूर सांगू लागले. नरेंद्रची बोटे चालू लागली. दोन वर्षांनी त्यांना कोणाचा तरी आवाज मिळाला होता आणि ती हलकी झाली होती. वाक्ये सरळ, आखूड उतरत होती. हे त्याला आवडले नाही.

“पहिल्या आठ भागांचा लेखक ही बाई होती,” काकांनी सांगितले.

“कशावरून?”

“तू टाइप कर. कशावरून ते खाली येते.”

खाली चूल होती, हात धुणे होते, वाक्यांची लांबी होती. मग सदर बाई मयत झाली आहे, असे काकांनी सांगितले. नरेंद्रची बोटे अडली.

“काका, मयत कशी म्हणता? गावाला गेली असेल. आजारी असेल.”

“जितीजागती बाई आपलं लेकरू असं दुसऱ्याच्या हाती देत नाई, बाबू. हे पुस्तक छापलं गेलं, म्हंजे छापतानी ते बाई नव्हती. लिव्ह.”

नरेंद्रने लिहिले.

रविवारी सकाळी दहाला वाचनालयात त्या अज्ञात लेखिकेचा पुण्यानुमोदन कार्यक्रम झाला. मृत व्यक्तीचा फोटो उपलब्ध नव्हता, म्हणून टेबलावर आठ भाग फुलांनी सजवून ठेवले होते आणि त्यांच्यापुढे मेणबत्ती होती. नववा भाग आरोपी म्हणून वेगळ्या स्टुलावर होता. पांढरे कपडे घातलेली सत्तरेक माणसे आली; सतरंजी अपुरी पडली. सपनाताईच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या मूळ गावी, जऊळक्यात, तेरा जण आले होते, त्यांतले दोघे मांडव घालणारे होते.

त्रिशरण-पंचशील झाले. मग एकेक जण बोलला. अंजूने सांगितले की मेलेल्या माणसाचे पाय झाकून ठेवावेत, हे तिला प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते, चौथ्या भागाने शिकवले. दौलतसिंग म्हणाले, बाई तापट असणार. सुलतानबी डोक्यावरची ओढणी सावरत उठली. तिच्या मते त्या बाईला एक धाकटा भाऊ असावा, कारण सहाव्या भागात खून झालेल्या घरातही उशिरा येणाऱ्या धाकट्यासाठी ताटावर ताट झाकून ठेवलेले आहे, आणि तपासाशी त्याचा काही संबंध नाही. बाईला ते ताट तिथून हलवता आले नाही, एवढेच. नरेंद्र मागच्या भिंतीला टेकून खाली फरशीकडे पाहू लागला.

शेवटी पंचनाम्यावर सह्या. कायद्याला दोन पंच पुरतात, पण बाई मोठी होती म्हणून काकांनी पाच ठरवले होते. चार झाले. पाचवा म्हणून त्यांनी नरेंद्रला पुढे बोलावले. तू कधी कोणाच्या बाजूने बोलत नाहीस, तुझ्याएवढा निष्पक्ष माणूस गावात नाही, असे ते म्हणाले.

नरेंद्र टेबलापर्यंत गेला. दहावा भाग, प्रकाशक, त्या फिकट उन्हाची चौदा पाने, सारे त्याला एकदम आठवले. त्याने पेन घेतले नाही.

“लेखक मेलेला नाही,” तो म्हणाला. “शीतल जऊळकर मी आहे. नऊही भाग माझेच आहेत.”

कोणी दचकले नाही. भिवाजीकाकांनी शांतपणे नोंद केली : एका इसमाने दावा केला. बेवारस मयत सापडले की दोन-तीन दावेदार येतातच, असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. चौकशी करण्याचे काम त्यांनी सुलतानबीकडे दिले.

सुलतानबीने त्याला आपादमस्तक पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता.

“डॉक्टरबाई मुडद्याच्या खोलीत जायच्या आंधी जिभेखाली लवंग ठेवते. आठही भागांत ठेवते. कायले ठेवते, बाबू?”

“वासासाठी,” नरेंद्र म्हणाला. नवव्या भागात त्याने तसे स्पष्ट लिहिलेही होते.

“वास नाकाले येते. लवंग जिभेखाली. सोच के सांग.”

त्याने विचार केला.  हाच प्रश्न त्यानेही एकदा विचारला होता. ताईने पिठाचा हात न थांबवता, तू टाइप कर, एवढेच म्हटले होते, आणि त्याने केले होते. आठ पुस्तके तो त्या लवंगेवरून पुढे गेला होता.

“मले माईत नाई,” तो म्हणाला. किती वर्षांनी त्याच्या तोंडून घरची बोली आली होती.

“मलेही नाई माईत,” सुलतानबी म्हणाली. “तिले माईत होतं.”

नरेंद्रने पेन उचलले आणि पाचव्या ओळीवर सही केली. सहीपुढे ‘मयताशी नाते’ असा रकाना होता. काल तो त्यानेच टाइप केला होता आणि चौघांनी तिथे ‘वाचक’ असे लिहिले होते. त्याने ‘भाऊ’ लिहिले.

भिवाजीकाकांनी कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. मग पट्टी ठेवून ती सही नीट खोडली आणि शेजारी आपली आद्याक्षरे टाकली.

“नातेवाईक पंच होऊ शकत नाई,” ते हळूच म्हणाले. “तू तिकडं बस. पुढं.”

दौलतसिंगांनी पाचवी सही केली. निताताईंनी सतरंजीवर मेणबत्तीजवळची, घरच्यांसाठी सोडतात ती जागा दाखवली आणि नरेंद्र तिथे जाऊन बसला. लोक रांगेने येऊन त्याच्यापुढे हात जोडू लागले. आठही पुस्तके सपनाताईने लिहिली होती. त्याने ती फक्त टाइप केली होती.