यशोदेच्या हातची हळद

बाळा गुरवाने रवळनाथाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, समई उचलून देवाच्या उजव्या हाताला ठेवली आणि मग डोळे मिटून गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. समई कुठे गेली हे देवळात जमलेल्या चाळीस माणसांपैकी एकट्या यशोदेने पाहिले. ज्या बाजूला ऊब, त्या बाजूची पाकळी आधी सुकणार आणि आधी पडणार, हे कळायला शास्त्री व्हावे लागत नाही. चुलीवर ओली लुगडी वाळवलेल्या कुठल्याही बाईला ते कळते. पण देवळात शिरताना माणसे वहाणांबरोबर अक्कलही बाहेर काढून ठेवतात, असे यशोदेचे फार दिवसांचे मत होते.

“बा देवा म्हाराजा,” बाळा म्हणाला, “तुझा लेकरू गंगाराम बोटीर गेलो तो बारा वर्सां झाली तरी परत इलो नाय. तो खंय असात थंय जितो असात, तर उजवो कौल दी आणि ह्या लग्नाची वाट मोकळी कर.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

गंगाराम हा यशोदेचा नवरा. एकोणीसशे साठ सालचा वैशाख चालू होता आणि चार दिवसांनी तिच्या विमलाचे लग्न होते. आचऱ्याचा सत्यवान, शाळेत मास्तर, मुलगा सरळ. सगळे ठरले, मांडवाच्या मेढी आल्या, आणि अगदी शेवटी सत्यवानाच्या आईने, हौसाबाईने, बोटे मोजली. ज्याची बारा वर्षे खबर नाही तो मेलेला धरायचा, दर्भाचा पुतळा करून जाळायचा आणि बायकोचे कुंकू पुसायचे, हा रिवाज. गंगारामचे शेवटचे पत्र अठ्ठेचाळीसच्या चैत्रात आले होते. म्हणजे महिन्यापूर्वी बारा वर्षे भरली. तेव्हा विहिणीच्या कपाळावरचे कुंकू खरे की खोटे ते देवाने सांगावे, नाहीतर आपण आल्या पावली परत जाऊ, विधवेच्या हातची हळद लागलेली सून आपल्याला नको, असे हौसाबाईने स्वच्छ कळवले. तिने आयुष्यभर संसार केला तो पाल आणि शिंक यांना विचारून. तिच्याकडून दुसरे काय येणार?

उजवी पाकळी पडली. पडणारच होती. बाळाला लग्नाचे जेवण चुकवायचे नव्हते. देवळात आनंदीआनंद झाला, बायकांनी यशोदेला कुंकू लावले, आणि तिने देवापुढे डोके टेकले. टेकताना मनात म्हणाली, तुला तरी खरे ठाऊक होते की नव्हते?

गंगाराम मेल्याला बारा वर्षे झाली होती, आणि यशोदेला ते कळल्याला अकरा.

एकोणपन्नास साली, बंदरावरचा दाऊद खलाशी भर दुपारी तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. बस म्हटले तरी बसेना. गंगाराम दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या कागदांवर बोटीवर चढला होता, म्हणून कंपनीकडून घरी काही कळणार नव्हते. एडनच्या पुढे ताप आला आणि तीन दिवसांत आटोपले. दाऊदने कनवटीतून गंगारामची पितळी तंबाखूची डबी काढून ओट्यावर ठेवली.

“वयनी, कापडात माझ्याच हातान शिवून दर्यात सोडलंय तेका,” एवढेच तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

त्याच दिवशी शेजारी लग्न होते आणि समोर गोठ्यात जानकी बसली होती. जानकी ही यशोदेची धाकटी जाऊ, गंगारामच्या भावाची, लवूची बायको. लवू माडावरून पडून गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माडावर चढायचा दोर कुजलेला होता, हे तो हातात घेतलेल्या प्रत्येकाने पाहिले. तरी दोर कुजला असे कोणी म्हणेना. जानकीचा पायगुण, असे सगळ्यांनी एकमुखाने ठरवून टाकले. तेव्हापासून वाडीत कुठेही लग्न असले की वरातीला तिचे तोंड दिसू नये म्हणून ती आपण होऊन गोठ्यात जाऊन बसे.

यशोदेने गोठ्याकडे पाहिले. एका घरात दोन विधवा, आणि विमला सहा वर्षांची. दाऊदने आणखी कुणाला सांगितले का ते तिने विचारले. नाही म्हणाला. तसेच राहू दे, म्हणाली. दाऊदने पुढे कधी तोंड उघडले नाही. यशोदा आत गेली, डबी तांदळाच्या कणगीत खुपसली, आरशात बघून नवे कुंकू लावले आणि भाताची पेज उतरवली. रडायचे राहून गेले ते राहूनच गेले.

आठच दिवसांनी वाडीतल्या एका हळदीला पाच सवाशिणींत एक कमी पडली म्हणून तिला बोलावणे आले. व्हायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात, तिने मुसळ घातले. काहीतरी कोसळेल असे तिला खरेच वाटले होते. काही कोसळले नाही. हळद कुटली गेली, आणि त्या मुलीला अकराव्या महिन्यात जुळे मुलगे झाले.

मग काय विचारता. यशोदेचा हात लागला की पाळणा हलतो, अशी तिची कीर्ती झाली. आचऱ्यापासून मालवणपर्यंत बोलावणी येऊ लागली. तिच्या हातची हळद लागलेली एक मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली, पण तो तिचा मंगळ. एक नवरा बायको टाकून मुंबईला पळाला, ती त्याची साडेसाती. बरे झाले की यशोदेचा हात, वाईट झाले की ग्रह. असला हिशेब शाळेतल्या पोराने केला असता तर मास्तरने त्याला बाकावर उभे केले असते.

सुरुवातीला यशोदेला याचे हसू येई. खणानारळाची ओटी घेऊन परत येताना ती पाणंदीत एकटीच हसे. पण घरी पोचली की गोठ्याच्या दारात विमलाची वेणी घालत बसलेली जानकी दिसे, आणि ती ओटी पदराआड करून आत जाई. दोघींच्या नशिबात काडीचा फरक नव्हता. एकीला लोक पाटावर बसवत होते आणि एकीला शेणात. आणि पाटावर बसणारीला ते ठाऊक होते. या एका गोष्टीची यशोदेला स्वतःची किळस येई. जगाला ती मूर्ख म्हणत होती खरी, पण त्या मूर्खपणाचे तूप तिच्याच पोळीवर पडत होते.

हळदीच्या दिवशी हौसाबाई थोरल्या सुनेला घेऊन जातीने हजर झाली. आल्या आल्या तिने मांडवाचा खांब तिरका आहे का ते पाहिले, मांजर पडवीत बांधून घालायला लावले, आणि ज्याला सर्दी झाली होती अशा एका म्हाताऱ्याला ऐनवेळी शिंकेल म्हणून शेजारच्या घरी पाठवले. मग तिची नजर विमलाकडे गेली. विमलाच्या केसांना तेल लावत जानकी बसली होती. त्या मुलीच्या केसांना दुसऱ्या कुणी तेल लावलेच नव्हते. आई दुसऱ्यांच्या हळदी कुटत फिरायची तेव्हा तिला न्हाऊ घातले, जेवू घातले ते काकीनेच.

हौसाबाईने कपाळाला आठी घालून विचारले, ही इथे कशी? जानकी लगेच उठली. तिला सवय होती. विमलाने तिचा पदर धरला, “काकी हय रवांदे,” एवढे पुटपुटली आणि सासूकडे पाहून पदर सोडून दिला. पदर सोडलेला यशोदेने पाहिला आणि तिला पुढे राहवले नाही.

“जानके, खंय चललंस? हय ये. मुसळ धर.”

हौसाबाई जवळ आली.

“विहीणबाय, शुद्धीर आसास मा? रांडमुंडेचो हात लावतस हळदीक?”

“अकरा वर्सां लागता आसा,” यशोदा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून शांत निघाला. “माझो घोव मरान बारा वर्सां झाली. तुमच्या ह्या थोरल्या सुनेची हळद मीच कुटलंय. रांडमुंडेच्या हातान. दोन झील झाले मा तिका?”

तिने कनवटीची डबी काढून व्हायनाच्या काठावर ठेवली. सकाळीच तिने ती कणगीतून बाहेर काढली होती. का काढली ते तेव्हा तिलाही कळले नव्हते. दाऊदला बोलवा, तो सांगेल, असे ती म्हणाली.

आता शिव्या बसतील, लग्न मोडेल, विमला आपले तोंड बघणार नाही, या सगळ्याची तिने त्या क्षणी तयारी केली. जे झाले त्याची मात्र तिची तयारी नव्हती. मांडवातल्या एकेक बाईच्या चेहऱ्यावर मोजदाद दिसू लागली. हिच्या लेकीची हळद, तिच्या सुनेची, कुणाची स्वतःचीच. हौसाबाईने थोरल्या सुनेकडे पाहिले, सुनेच्या पदराला लोंबकळणाऱ्या दोन नातवांकडे पाहिले, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळला. ती चक्क हसली.

“तिचा चेडू चलला सासराक, तेच्या दुःखान डोक्यात गेला बिचाऱ्येच्या,” ती सगळ्यांना म्हणाली. मग यशोदेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “देवान उजवो कौल दिल्यान. देव खोटो काय?”

बस्स, एवढेच हवे होते. सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. कुणी साखरपाणी आणले, कुणी वारा घातला. डबी काय, बाजारात पैशाला पासरी मिळतात, असे कुणीतरी म्हणाले, आणि दाऊदला बोलवायला कुणीही उठले नाही. यशोदा खरी ठरली तर अर्ध्या तालुक्याचे संसार अपशकुनी ठरणार होते. तेव्हा यशोदेला खोटी ठरवणे सर्वांनाच सोयीचे होते. सत्याची किंमत या लोकांत पालीच्या चुकचुकण्याएवढीसुद्धा नव्हती.

यशोदेने दोन्ही हातांतल्या बांगड्या व्हायनाच्या दगडावर आपटल्या. चौघींनी तिला धरले. काचा वेचल्या, हळद पाखडून घेतली, आणि कासारीण मांडवात होतीच, तिने यशोदेचे हात मांडीवर घेऊन कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. भरताना ती समजूत घालत होती की घोव एक दिवस नक्की येईल, देव सांगतो ते उगीच नाही. या गडबडीत जानकी कधी गोठ्यात गेली ते कुणाला दिसले नाही.

लग्न यथासांग लागले. यशोदा पहिल्या रांगेत उभी होती आणि येणारी प्रत्येक बाई आधी तिला कुंकू लावत होती. विमला जाताना आईच्या गळ्यात पडली, मग गोठ्याकडे पाहून तिने लांबूनच हात जोडले. वरात खाडीच्या वळणाआड गेली तशी माणसे जेवून पांगली.

दुपार कलली तेव्हा यशोदा गोठ्यात गेली. जानकी गाईपुढे चारा टाकत होती. तिने मागे वळून पाहिले आणि विचारले, “भावजी कशान गेले?”

अकरा वर्षांत हा प्रश्न विचारणारे पहिले माणूस.

“तापान. एडनच्या फुडे.”

“आणि तुका रडूक गावला नाय.”

जानकीने तिचा हात धरून तिला विहिरीच्या धोंडीवर नेऊन बसवले. माणूस गेल्याची खबर आली की करतात ती आंघोळ. तिने कळशी ओढून काढली आणि लुगड्यासकट यशोदेच्या डोक्यावर ओतली. असल्या रीतींना जन्मभर नाक मुरडलेली यशोदा पाण्याखाली बसून राहिली. कुंकू ओघळून नाकावर आले आणि मग तिचे खांदे गदगदू लागले. हातांची हळद धुऊन जात होती. पिवळे पाणी धोंडीवरून वाट काढत माडाच्या आळ्यात जिरत होते.

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून एका बाईने हाक मारली, “यशोदे, परवा आमच्या हळदीक येतलंस मा?”

जानकीने तिकडे पाहिलेही नाही. तिने दुसरी कळशी ओतली.