उष्टे कप

मला किळस येते. लपवून काय उपयोग? ज्यांना येत नाही ते संत असतील, नाहीतर माझे सासरे.

अप्पा बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर लोक पेपर चाळतात, अप्पा कचरापेट्या चाळायला लागले. हॉटेलामागच्या पेटीतून चहाचे कागदी कप, बेकरीतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि दह्याचे डबे मिळतील तिथून. डब्यांत हिरवी बुरशी, कपांच्या काठाला कुणाकुणाच्या ओठांचा रंग, ट्रेमध्ये वाळलेला बलक आणि त्याला चिकटलेलं पीस. एका कपात कुणीतरी सिगारेट विझवली होती, दुसऱ्यात खाकरून थुंकलं होतं. आणि ही सगळी वरात माझ्या ओट्यावर, तांदळाच्या डब्याला खेटून.

“अप्पा, हे काय?”

“रोपांसाठी गं. विकतच्या कुंड्या कशाला? बुडाला भोक पाडलं की झालं.”

“रोग होईल रोपांना. त्याआधी आपल्याला.”

“मातीतच वाढायचंय त्यांना, पोरी. माती काय साबणाने धुतलेली असते?”

नवऱ्याला सांगून पाहिलं. “जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा,” म्हणत त्याने नाक दाबून जमिनीवर पसरलेल्या कपांवरून ढेंग टाकली.

अप्पांचा खरा जीव होता औषधाच्या एका बाटलीत. सासूबाई दरवर्षी गॅलरीत बुटकी जांभळी मिरची लावायच्या आणि सगळ्यात चांगल्या फळाचं बी ठेवायच्या. त्या गेल्यावर दोन वर्षं कुणी काही पेरलंच नाही. मिरचीचं बी जुनं झालं की दगा देतं. त्या बाटलीत उरल्या होत्या एकोणतीस बिया. “यंदा उगवल्या तर उगवल्या,” अप्पा म्हणायचे. “नाहीतर तिच्या हातचं या घरात काही उरलं नाही.”

हे मला पक्कं माहीत होतं.

पण एके दिवशी चहाच्या गाळणीत अळी वळवळताना दिसली आणि माझं डोकं फिरलं. एकोणीस वर्षं मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करते. माझ्याच घरात अळ्या? अप्पा डोळे तपासायला गेले होते, मला सुट्टी होती. बादलीत घट्ट फिनेल कालवलं, कप, डबे, ट्रे, सगळं त्यात तासभर बुडवलं, वरून पाणी मारलं आणि उन्हात टाकलं. कामावर मी पोलाद धुते. पोलाद काही पीत नाही. पुठ्ठा पितो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“सगळे धुतलेस?” अप्पा परत येऊन म्हणाले. “गुणाची गं बाई!” सासूबाईंच्या बिया त्यांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये पेरल्या, एका खळग्यात एक. फिनेलचा वास आमच्या घराला कायमचाच, तो वेगळा कुणाला जाणवणार?

दहा दिवस गेले, पंधरा गेले. अप्पा उठले की आधी ट्रेपाशी जायचे, मग तोंड धुवायला. अठराव्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी एक खळगा उकरला. बी काळं पडून चिकट झालं होतं. बोट नाकाशी नेलं आणि सगळं कळलं. माती परत दाबली, हात धुतले आणि मूग गिळून गप्प बसले.

“बीच म्हातारं झालं,” अप्पा जेवताना म्हणाले. “माझीच चूक. गेल्या वर्षी पेरायला हवं होतं, तर मी रडत बसलो.”

“होतं असं, अप्पा,” मी म्हणाले आणि पुढचा घास घेतला. तो घास घशाखाली उतरला, याची मला अजून शिसारी येते.

आठवडाभराने त्यांनी ट्रे फेकायला उचलला. ओला पुठ्ठा मधोमध फाटला. अप्पा थबकले. फाटलेली कड त्यांनी हुंगली.

“हे फिनेल आहे.”

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“पाण्याने धुतलेस ना?”

“आधी फिनेलमध्ये बुडवले होते.”

“आणि तुला कळलं कधी?”

खोटं बोलता आलं असतं. “आठवडा झाला,” मी म्हणाले.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. मातीच्या हातांनीच खुर्चीत बसून राहिले. मी नेहमीसारखं “हात धुवा” म्हटलं नाही.

दुपारी मी त्यांना वाढायला गेले. अप्पांनी ताटावर हात आडवा धरला. “राहू दे. माझं मी घेतो.” माझ्या हातातला डाव घेतला नाही, फळीवरचा दुसरा काढला. आवाज चढलेला नव्हता. फक्त वरचा ओठ जरासा मुरडलेला.

राग आला असता तर माफी मागता आली असती. किळस आलेल्या माणसाची समजूत कशी घालतात, ते मला ठाऊक नाही. माझी कधी कुणाला घालता आली नव्हती.