धनसिंगकाकांच्या कच्च्या रेकॉर्डी

राळेगावच्या बसस्टँडसमोर शीलाचं मिक्सर-पंखे-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तालुक्यातली बिघडलेली वस्तू तिच्या हाती आली की सुधारते, अशी तिची ख्याती. एक माणूस मात्र तीन वर्षांत तिला सुधारता आला नव्हता. तो म्हणजे जवळच्या बंजारा तांड्यावरचा धनसिंग.

धनसिंगकाका पूर्वी नागपूर-हैदराबाद ट्रक चालवायचे. तिकडच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी रेकॉर्ड प्लेयर आणि पोतंभर इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डी उचलून आणल्या होत्या. इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे बारसं त्यांनी स्वतःच केलं. कव्हरवर अनवाणी माणूस होता ती ‘बिनचपलेची’, दोन ढोलवाले होते ती ‘जावा-जावांची’, आणि जिच्यात गिटार हुंदके देते ती ‘रडवी’. प्लेयर दुरुस्तीला आला तेव्हा शीलाने तो तपासायला म्हणून ‘रडवी’ लावली आणि दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी ती ऐकत बसली. तेव्हापासून रिवाज पडला. दर रविवारी शीलाने स्कूटीवर तांड्यावर जायचं, काकांनी एक जुनी रेकॉर्ड सुचवायची, तिने एक नवी. तिची नवी म्हणजे मोबाइलमधली. नागपूरची पोरं, शिलाँगच्या पोरी, कुठला कुठला आइसलँडवाला.

काकांची जुनी तिला दर वेळी आवडायची. तिची नवी काकांना एकदाही नाही. पूर्ण ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “कच्ची हाय.” वर ‘नव्याचे नऊ दिवस’ होतंच. शीला चिडायची, हंसाकाकूंचा चहा पिऊन थंड व्हायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. खरं सांगायचं तर अख्ख्या तालुक्यात तिच्याशी या विषयावर भांडणारा दुसरा माणूसच नव्हता. माहेरी गिटार ऐकली की भाऊ संघदीप विचारायचा, डोकं दुखत नाही का तुझं?

आणि मग मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काका रेकॉर्डी देऊन टाकणार होते. पुतण्या अमरसिंगचा पांढरकवड्याजवळ हायवेवर ढाबा आहे. त्याला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं की जुन्या रेकॉर्डीला काटे लावले की झकास घड्याळ होतं. रविवारी दुपारी तो गाडी घेऊन येणार होता. काकांचं म्हणणं एवढंच, की मन भरलं आता. शीलाला हे ऐकून अस्सा राग आला की तिने समोरच्या गिऱ्हाइकाचा धडधाकट पंखा उघडून ठेवला.

रविवारी ती सकाळीच तांड्यावर पोचली. भांडायच्या तयारीनेच गेली होती, पण काका इतके गुळचट वागले की भांडणाला तोंडच फुटेना. ते म्हणाले, शेवटची एकदा ‘रडवी’ ऐकू, मग पोत्यात भरू. त्यांनी स्वतः सुई ठेवली आणि खाटेवर डोळे मिटून बसले.

शीलाच्या कानाला पहिल्याच मिनिटाला खटकलं. आवाज सगळा दबका येत होता. ढोल आणि खालची धुमधुम ठीक, पण गिटार गोधडीखाली कोंबल्यासारखी. आणि नेमक्या त्या जागी काकांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं.

“आयक,” ते म्हणाले, “आता कशी रडते पाह्य.”

गिटार रडत नव्हती. ती जवळजवळ नव्हतीच. शीलाने हळूच स्पीकरच्या मागे पाहिलं. बारीक सूर काढणाऱ्या वरच्या छोट्या स्पीकरच्या वायरचे उंदराने कुरतडून दोन तुकडे केले होते, आणि त्यावर चांगला बोटभर धुळीचा थर होता. म्हणजे हे आजचं नव्हतं. गेले काही महिने ती काकांच्या रेकॉर्डी नेऊन दुकानातल्या प्लेयरवरच ऐकत होती, म्हणून तिला कळलं नव्हतं.

काका मात्र मान डोलावत होते. त्यांना प्रत्येक हुंदका आठवत होता.

ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली आणि काकूंना विचारलं. काकूंनी आधी टाळाटाळ केली. मग म्हणाल्या की यंदा होळीला लेंगीची गाणी म्हणताना ह्यांनी स्वतःचा डफ घेतलाच नाही. शेजारच्या खेमसिंगच्या डफाला तळहात लावून उभे राहिले, तेव्हा कुठे पाय ठेक्यात पडले. कुणाला सांगू नको म्हणाले.

शीलाला तिथेच ओसरीवर रडू आलं. तीन वर्षं ती ह्या माणसासाठी शोधून शोधून उंच गळ्याच्या, बारीक गिटारीच्या रेकॉर्डी आणत होती, ‘रडवी’ आवडते म्हणून. त्यातलं त्यांच्यापर्यंत काय पोचत असेल? जुन्या रेकॉर्डी त्यांना पाठ होत्या. नव्या बिचाऱ्या कशाच्या जोरावर जिंकणार?

डोळे पुसून ती आत गेली ती थेट कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कोठीपाशी. सोयाबीन विकून झालं होतं, कोठी रिकामी होती. तिने मोठा स्पीकर उचलून कोठीच्या झाकणावर पालथा घातला आणि प्लेयरच्या अॅम्प्लिफायरला मोबाइल जोडला. काकू म्हणाल्या, बाप्पा, हे काय करून राह्यली तू? काका म्हणाले, अमरसिंग येईनच आता, राहू दे.

“काकाजी, एक राह्यली माही,” शीला म्हणाली. “पण हे कानानं नाई. इथं पाठ टेका.”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की चोरी पकडली गेली आहे हे दोघांनाही कळलं. ते उठले, कोठीला पाठ टेकून खाली बसले आणि दोन्ही तळहात मागे पत्र्यावर ठेवले.

तिने लावली ती ह्याच वर्षीची रेकॉर्ड होती. तिघांचाच बँड, गाणं जवळजवळ नाही, नुसता ढोल आणि बेस गिटार. कोठी घुमायला लागली. फडताळातले पेले किणकिणले. काकांचा अंगठा आधी हलला, मग मांडी, मग खांदे, आणि पाचव्या मिनिटाला ते असे हसले की काकूंनी पदर तोंडाला लावला.

गाणं थांबलं तरी त्यांनी तळहात पत्र्यावरून काढले नाहीत.

“पोरी, मले वरच्या सुरातलं आयकू येत नाई. चार वर्सं झाली,” ते म्हणाले. “तुह्या रेकॉर्डी कच्च्या नव्हत्या.”

शीलाला तीन वर्षं हवी असलेली कबुली मिळाली होती आणि तिला भलतीच लाज वाटत होती. ती म्हणाली की पुढच्या रविवारी त्या सगळ्या पुन्हा आणते, कोठीवर लावून पाहू. काका म्हणाले, पहिल्यापासून लाव, एकही सोडू नको.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. अमरसिंग मोजपट्टी घेऊनच आला होता. पोतं कुठंय म्हणाला. काकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं, त्याची पाठ कोठीला लावली आणि शीलाला खूण केली.

“बस इथं,” ते म्हणाले. “नवी हाय, यंदाचीच. मी सांगतो म्हणून आयक.”